भीतीचा नमुना

अभिराम इंगवलेच्या घरात फ्रिजवर यादी असायची ती येणाऱ्या सिनेमांची. कोणत्या शुक्रवारी कोणती चेटकीण, कोणत्या महिन्यात कोणता राक्षस, कुठला सिनेमा पुढे ढकलला, कुठल्याचा दुसरा ट्रेलर आला, सगळं तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेलं. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो ओतकाम तपासायचा. दिवसभर लोखंडातल्या बारीक भेगा शोधायच्या आणि घरी येऊन तितक्याच बारकाईने ट्रेलरची एकेक चौकट थांबवून बघायची. ‘दचका’ नावाचा ऑनलाइन गट त्याने सुरू केला होता. भय आणि अद्भुत या दोनच प्रकारच्या सिनेमांना वाहिलेला. त्यात चाळीस हजार माणसं होती आणि अभिरामने अमुक सिनेमा बघण्यासारखा आहे असं लिहिलं की कोल्हापुरात पहिले तीन दिवस थिएटरं भरायची.

त्याची बायको वैजयंती यातलं काही बघत नसे. राजारामपुरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्यूटी पार्लर होतं. भुवया कोराव्यात तर वैजूनेच, असं अर्ध्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या. नवऱ्याच्या गोष्टी मात्र ती ऐकायची. कणीक मळता मळता विचारायची, “आधी शेवट सांग. कोण मरतं ते कळलं की मग सुरुवातीपासून ऐकते.” नऊ वर्षांची शलाका या दोघांच्या मध्ये बसून हसायची.

२०३४ साली ‘पेव’ या सिनेमाची घोषणा झाली आणि अभिरामला दुसरं काही सुचेना. सांगलीकडे पूर्वी हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे करत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. त्यांना पेव म्हणतात. सिनेमाच्या गोष्टीत गावाखालची सगळी विसरलेली पेवं आतून एकमेकांना जोडलेली होती आणि तिथे एक राणी राज्य करत होती. वर जमिनीवर सोडून आलेली आपली मुलं तिला परत हवी होती. मराठीत एवढा मोठा भयपट कुणी केला नव्हता. शिवाय तो ‘गंधपटा’वर येणार होता, आणि तेही देशात पहिल्यांदाच.

गंधपट काय आहे हे अभिरामला पुण्याच्या प्रयोगशाळेत कळलं. ‘दचका’मधल्या दहा जणांना तिथे बोलावलं होतं. डॉ. सुनेत्रा देवधर नावाच्या पन्नाशीच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना समजावून सांगितलं.

“माणूस घाबरला की त्याचा घाम बदलतो. साध्या कष्टाच्या घामापेक्षा वेगळा होतो. आपल्याला त्याचा वास कळत नाही, पण मेंदूला कळतो. शेजारचा माणूस घाबरलाय हे कान-डोळ्यांच्या आधी नाकातून आत पोचतं आणि आपणही सावध होतो. कळपातल्या प्राण्यांचं हे जुनं शहाणपण आपल्यात अजून आहे. थिएटरमध्ये खुर्चीखालून, योग्य क्षणी, हा वास अगदी अंशमात्र सोडला तर पडद्यावर नुसता बंद दरवाजा असला तरी माणूस थरथरेल.”

“मग तो वास बनवायचा,” अभिराम म्हणाला.

“तीन वर्षं तेच करतोय. भीती म्हणजे एक रसायन नाही, शंभर-दीडशे द्रव्यांचं प्रमाण आहे. त्यातलं कुठलं काढलं तर चालेल हे अजून कळलेलं नाही. म्हणून एका खऱ्या माणसाच्या भीतीचा पूर्ण नमुना घ्यायचा आणि तो जसाच्या तसा उतरवायचा.”

त्या दहा जणांना काखेत कापसाच्या पट्ट्या लावून ‘पेव’मधले प्रसंग दाखवले गेले. दुसऱ्या दिवशी सुनेत्राबाईंनी निकाल सांगितला तेव्हा त्या जरा हसल्याच. “तुमच्यापैकी एकही उपयोगाचा नाही. तुम्ही घाबरत नाही, तुम्ही खूश होता. तुमच्या घामात जत्रेतल्या पाळण्याचा आनंद आहे.” मग बाकीचे चहाला गेले असताना त्यांनी अभिरामला बाजूला घेतलं. “तुमचं नाव श्रेयनामावलीत घालू, पहिल्या खेळाची जागा राखून ठेवू. खरोखर घाबरणारं कुणी ओळखीत आहे का?”

“माझी बायको आहे.”

“कशाला घाबरतात त्या?”

हे वैजयंतीने लग्नानंतर दोन वर्षांनी एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा कधी विषय काढू दिला नव्हता. ती आठ वर्षांची असताना सांगलीजवळच्या आजोळी मामेभावाबरोबर लपाछपी खेळताना एका पेवात उतरली होती. वर कुणाला माहीत नव्हतं. संध्याकाळी गड्याने तोंडावर फळी टाकली. मामेभाऊ खाली सरकून झोपल्यासारखा झाला तो उठलाच नाही. तळाची हवा विषारी होती. वैजयंती हळदीच्या पोत्यांवर उंच बसली होती म्हणून वाचली. भावाचा हात धरून ती सकाळपर्यंत तिथे होती.

अभिरामने हे सगळं सांगितलं. हळदीच्या ओल्या वासासकट सांगितलं. सुनेत्राबाई लिहून घेत होत्या.

*

“सिनेमाचे तुकडे बघायचे आणि घाम पुसून द्यायचा, एवढंच ना?” वैजयंतीने गाडीत विचारलं.

“एवढंच. माझ्यासाठी कर.”

“तुझ्यासाठीच करतेय. मध्येच डोळे मिटले तर चालेल?”

“चालेल.”

तिने प्रयोगशाळेत चार ठिकाणी सह्या केल्या. ‘अनपेक्षित संवेदनांचा वापर होऊ शकतो’ हे वाक्य तिसऱ्या पानावर होतं. ती खुर्चीत बसली, पहिला तुकडा बघितला, डोळे मिटले, हसली. मग दिवे गेले. छतातून ओल्या हळदीचा वास सोडला गेला आणि वरून, डोक्याच्या अगदी वर, जड फळी सरकल्याचा आवाज आला.

अभिराम पलीकडच्या खोलीत पडद्यासमोर बसला होता. अंधारातलं बघणाऱ्या कॅमेऱ्यात वैजयंती हिरवट दिसत होती. ती आधी दाराकडे गेली. दार उघडेना. तिने त्याला हाक मारली, दोनदा. मग त्या मामेभावाचं नाव घेऊन हाका मारू लागली. शेवटी खाली बसली आणि शेजारी कुणाचा तरी हात धरल्यासारखी मूठ घट्ट मिटून राहिली.

चौथ्या मिनिटाला सुनेत्राबाई म्हणाल्या, “थांबवू या का? बऱ्यापैकी मिळालंय.”

अभिरामची नजर शेजारच्या आलेखावर होती. “अजून चढतोय ना?”

“चढतोय.”

“मग थांबा थोडं.”

अकराव्या मिनिटाला दार उघडलं. तो आत धावला, तिला मिठीत घेतलं आणि म्हणाला, “वैजू, मला खरंच माहीत नव्हतं गं, हे असं करणार म्हणून.” तिने विश्वास ठेवला. परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून होती आणि तो मनातल्या मनात ‘पेव’वरचा पहिला लेख जुळवत होता.

*

‘पेव’ दिवाळीत लागला. पहिल्या खेळाला अभिराम मधल्या रांगेत बसला. आयुष्यात शेकडो भयपट बघितलेला हा माणूस चाळिसाव्या मिनिटाला खुर्चीचा हात धरून बसला. पडद्यावर फक्त एक फळी होती. पण त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले, तोंड कोरडं पडलं, आणि इथून उठून पळावं, आत्ताच पळावं, असं वाटू लागलं. मागच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस रडत होता. सिनेमा संपला तेव्हा एकदम टाळ्यांचा पाऊस पडला. श्रेयनामावलीत त्याचं नाव आलं. वैजयंतीचं नव्हतं. नमुना देणाऱ्याचं नाव गुप्त राहील, असं करारात होतं.

त्याचा जिवलग दोस्त आणि ‘दचका’चा दुसरा चालक धैर्यशील बाहेर येऊन त्याच्या गळ्यात पडला. “भावा, नाद खुळा! आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो राव.”

अभिरामने ‘पेव’ अकरा वेळा बघितला. कोल्हापुरात सिनेमा चार महिने चालला. बायका-पुरुष, म्हातारेकोतारे, सगळ्यांनी बघितला. दोनदा, तीनदा बघितला. शलाकासारख्या लहान मुलांना तेवढा प्रवेश नव्हता.

पहिली तक्रार पार्लरमधून आली. दहा वर्षं येणारी एक बाई भुवया कोरताना, दोरा चालू असताना, वैजयंतीचा हात झटकून उठली. “कसंतरी होतंय गं. छातीत धडधडतंय,” म्हणत अर्धी भुवई तशीच टाकून गेली. मग दुसरी. मग एका नवरीने मेकअप अर्धवट सोडून आईला हाक मारली. कुणाला कारण सांगता येत नव्हतं. तुझ्याकडे बसलं की जीव घाबरतो, एवढंच. बसमध्ये वैजयंतीशेजारची जागा रिकामी राहू लागली. भाजीवाली तिला लांबूनच पिशवी देऊ लागली. वैजयंती दिवसातून तीनदा अंघोळ करायची, साबण बदलायची, शलाकाला विचारायची, “माझा वास येतो का गं?” शलाका तिच्या पोटात तोंड खुपसून म्हणायची, “येतो. तुझा येतो.”

अभिरामला कारण आधी शरीराने सांगितलं. एका सकाळी वैजयंती चहा द्यायला वाकली आणि त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्याने सुनेत्राबाईंना फोन लावला.

त्यांनी आधी सगळी लक्षणं विचारून घेतली. “प्रत्येक माणसाला स्वतःचा असा एक वास असतो, बोटांच्या ठशांसारखा. आम्ही नमुना पूर्ण उतरवला, म्हणजे त्यात भीतीबरोबर तुमच्या पत्नीचा स्वतःचा वासही आला. प्रेक्षकांच्या मेंदूने दोन्हींची गाठ मारली. आता त्या शांत असल्या तरी त्यांचा वास आला की भीती जागी होते.”

“किती जणांना?”

“ज्यांनी सिनेमा बघितला त्यांना. जास्त वेळा बघितला त्यांना जास्त.”

“उतरेल ना?”

“सवयीने उतरतं. रोज तासभर त्यांच्याजवळ बसा, काही वाईट होत नाही हे मेंदूला हळूहळू कळेल. पण त्या वेळी त्या स्वतः अगदी निवांत असायला हव्यात. त्या घाबरलेल्या असतील तर गाठ आणखी घट्ट होईल.” मग त्यांनी विचारलं, “हे त्यांना तुम्ही सांगणार की मी?”

“मी सांगतो,” अभिराम म्हणाला, आणि त्याने सांगितलं नाही. वैजयंतीला सांगायचं तर हळदीचा वास कुणी सुचवला तेही सांगावं लागलं असतं.

त्याने सांगितलं ते धैर्यशीलला. फाउंड्रीबाहेर चहा पिताना सांगितलं. खरं म्हणजे आपण किती मोठ्या गोष्टीचा भाग होतो, हे कुणाला तरी कळावं म्हणून सांगितलं. धैर्यशील डोळे विस्फारून म्हणाला, “म्हणजे राणी तुझ्या घरात राहते?”

धैर्यशीलकडून ही बातमी ‘दचका’वर पोचली आणि चौथ्या दिवशी पार्लरसमोर रांग लागली. बऱ्याच महिन्यांनी गिऱ्हाइकं बघून वैजयंतीचा चेहरा उजळला. कॉलेजच्या चार मुली आधी आत आल्या. तिने पहिलीला बसवलं, दोरा दातात धरला आणि वाकली. मुलगी किंचाळली, मग हसायला लागली. “आई गं! सेम! अगदी सेम!” दुसरी म्हणाली, “मला, आता मला.” दारातून मोबाइल धरलेले हात आत आले. एक पुरुष ओरडला, “वहिनी, जरा जवळ या की! लांबून मजा येत नाही.”

वैजयंतीने हातातला दोरा खाली ठेवला. “कसलं सेम?” तिने त्या मुलीला शांतपणे विचारलं. मुलगी चांगल्या घरची होती. तिला वाटलं, बाईंना हे माहीत असेलच. तिने सगळं सांगितलं.

*

अभिराम कामावरून आला तेव्हा वैजयंती पार्लरच्या फिरत्या खुर्चीत बसली होती. शलाका शेजारच्या घरी होती.

“तूच सांगितलंस त्यांना? पेवाचं?”

तो दारातच उभा राहिला. “वैजू, मला वाटलं, तेवढा नुसता वास…”

“किती मिनिटं होते मी आत?”

“अकरा.”

“तू कुठे होतास?”

तो चपला काढायला वाकला.

“बघत होतास,” ती म्हणाली. “मी हाक मारली ती ऐकलीस का?”

“वैजू…”

“ऐकलीस. बरं.” ती उठली. “ये इकडे. मला काही नको, माफी नको. फक्त इथे येऊन माझा हात धर.”

तो दोन पावलं पुढे आला. तिसऱ्या पावलाला त्याचा पाय आपसूक मागे गेला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. वैजयंती हात पुढे करून उभी होती. तिचाही श्वास जोरात चालला होता आणि तो जसजसा पुढे येई तसतसा वाढत होता. शेवटी दोघं खोलीच्या दोन टोकांना भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ती शलाकाला घेऊन शाहूपुरीतल्या एका भाड्याच्या खोलीत गेली.

*

शलाका कुणाकडे राहणार हा वाद कुटुंब न्यायालयात गेला आणि निकाल लागण्याआधी न्यायालयाने दोघांना समुपदेशकांकडे पाठवलं. पहिल्या मजल्यावर एक लहानशी खोली होती, खिडकी बंद, पंखा मंद. समुपदेशक बाई अनुभवी होत्या, प्रेमळ म्हणून त्यांची ख्याती होती. अभिराम दाराजवळच्या खुर्चीत राहिला. वैजयंती समोर बसली आणि पाच मिनिटांत बाईंनी पदराने गळा पुसला. त्यांनी पाणी मागवलं. वैजयंती प्रयोगशाळा, फळी, हळद, सगळं सांगत होती आणि बाईंची नजर सारखी दाराकडे जात होती.

“तुम्ही संमतिपत्रावर सह्या केल्या होत्या?” त्यांनी विचारलं.

“केल्या होत्या. पण…”

“सिनेमाच्या कंपनीनं लेखी कळवलंय की असा काही परिणाम सिद्ध झालेला नाही.” बाईंनी फाईल जवळ ओढली. “तुम्ही जरा बाहेर बसता का? मी यांच्याशी बोलते.”

वैजयंती त्यांच्याकडे बघत राहिली. “ताई, ‘पेव’ बघितलात का तुम्ही?”

“त्याचा इथे काय संबंध? बसा बाहेर.”

दार अर्धवट उघडं राहिलं. बाहेरच्या बाकावर शलाका आईच्या मांडीवर जाऊन बसली. तिने आईच्या गळ्यात नाक खुपसलं. आत बाईंनी खोल श्वास घेतला, मोकळ्या झाल्या, आणि अभिरामकडे बघून हसल्या.

“कामावर वेळेवर जाता, व्यसन नाही, मुलीचा अभ्यास तुम्हीच घेता. मला एकच सांगा, आणि खरं सांगा. तुम्हाला पत्नीची भीती वाटते का?”

अभिरामने बाकाकडे पाहिलं. वैजयंती ऐकत होती. सगळं खरं सांगायचं तर खूप मागून सुरुवात करावी लागणार होती. पलीकडच्या खोलीतल्या आलेखापासून. ते ऐकल्यावर या बाई अशा हसल्या नसत्या. मुलगी मिळाली नसती. ‘दचका’मधल्या लोकांनी काय म्हटलं असतं, हेही त्याच्या मनात आलं.

“हो,” तो म्हणाला. “तिच्याजवळ गेलं की मला भीती वाटते.”

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याखाली स्वतःच्या अनुभवाची एक ओळ जोडली: मुलाखतीत पत्नीच्या सहवासात मलाही अस्वस्थता जाणवली. बाहेर वैजयंतीने शलाकाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि तिची सुटलेली वेणी पुन्हा घालायला घेतली.

शलाका वडिलांकडे राहावी आणि दर रविवारी दिवसभर आईला भेटावी, असा तात्पुरता हुकूम झाला.

पहिल्या रविवारी संध्याकाळी पाचला ती आईकडून परत आली आणि नेहमीसारखी धावत येऊन त्याच्या कमरेला बिलगली. अभिरामने तिला ढकललं. ढकलायचं नव्हतं, हात आपोआप गेले. ती चपलांच्या कपाटावर आपटली. तो लांबूनच म्हणाला, “लागलं का? अंघोळ कर आधी, बाळा. कपडे मशीनमध्ये टाक. मग ये.”

दुसऱ्या रविवारी ती न सांगता सरळ बाथरूममध्ये गेली. तिसऱ्या रविवारी दारात थांबून तिने विचारलं, “बाबा, तुम्ही आईला घाबरता?”

“नाही गं.”

“मग मला?”

त्याने टीव्ही लावला. पुढच्या वर्षीच्या सिनेमांचे ट्रेलर आले होते. शलाका बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

चौथ्या रविवारी ती आली तेव्हा तिच्या गळ्यात आईची एक जुनी, न धुतलेली ओढणी होती, तीन वेढे घेतलेली. दार लावून तिने आतून कडी घातली. अभिराम स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभा होता. मागे ओटा होता.

“शलाका, ती काढ आधी.”

तिने एक पाऊल पुढे टाकलं. त्याच्या चेहऱ्याकडे ती लक्षपूर्वक बघत होती. हसत नव्हती, रडतही नव्हती. तिने दुसरं पाऊल टाकलं. त्याची पाठ ओट्याला लागली आणि हात आपोआप पुढे आले.

ती थांबली. तो थोडा सावरेपर्यंत वाट बघितली आणि मग तिने तिसरं पाऊल टाकलं.